शेतातल्या तलावाच्या पाळीखाली ओल आली आहे, सांडव्यावर पोती आहेत. आधी काय करावं?

हिंगणा_रोड:
नमस्कार मंडळी. हिंगण्याच्या पुढे आमच्या कृषी पर्यटन केंद्रात नाला अडवून केलेला लहान तलाव आहे. पेडल बोटी आणि पोहणं एवढाच वापर, ओलीत नाही. पाळीची उंची नाल्याच्या तळापासून 5.5 मीटर, लांबी 70 मीटर, माथा 2.5 मीटर रुंद. पूर्ण पाळ काळ्या मातीची आहे. पाण्याकडचा उतार 2 ला 1 (2 आडवे, 1 उभं), मागचा 1.5 ला 1. पाण्याचा पसारा साधारण 1 हेक्टर, पाणलोट 60 हेक्टर. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, 4 मीटर रुंद असून त्याच्या उंबऱ्यापासून माथा 1.2 मीटर वर आहे. बोटींना दिवाळीनंतरही पाणी पुरावं म्हणून सांडव्यावर रेतीची पोती रचली आहेत, तीन थर, 45 सेंमी.

पाळीतून 6 इंची पीव्हीसी पाइप जातो, व्हॉल्व्ह मागच्या टोकाला. त्या टोकाजवळ पायथ्याशी 3 बाय 2 मीटर जागा ओली झाली आहे आणि बारीक धार सुरू आहे. मागच्या उतारावर बाभळी आणि बेशरम वाढली आहे. ओल्या जागेवर सिमेंटचा गिलावा मारून देतो असं ठेकेदार म्हणतो. मारू द्यावा का? सध्या तलाव पोत्यांच्या वरपर्यंत भरलेला आहे.

सांडवा_उंबरा:
गिलाव्याचं नंतर. आधी पोती काढा.

हिशोब सांगतो. तासाला 90 मिमीचा पाऊस आणि पाणी वाहून येण्याचा गुणांक 0.5 धरला, तर 60 हेक्टरवरून येणारा पूर 0.5 × 90 × 60 ÷ 360 म्हणजे सेकंदाला 7.5 घनमीटर. सांडव्याची क्षमता म्हणजे 1.7 × रुंदी × पाण्याच्या उंचीचा दीड घात. पोती नसताना माथ्यापर्यंत 1.2 मीटर मिळतात, म्हणजे 8.9 घनमीटर. पोती असताना उरतात 75 सेंमी, म्हणजे 4.4. तेवढ्या पोत्यांनी क्षमता निम्म्यावर आली. उरलेलं पाणी पाळीवरून जाणार, आणि माथ्यावर मुरूमही नसलेली काळ्या मातीची पाळ वरून वाहणारं पाणी फार वेळ सोसत नाही. मागच्या उताराला घळ पडते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि पाळ तुटते. तुमच्या तलावात दीड ते दोन कोटी लिटर पाणी आहे. खाली नाल्याकाठी वस्ती किंवा रस्त्याची मोरी असेल तर लहान तलाव म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

सप्टेंबर आहे, पावसाळा संपला असं धरू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तिथे पाळ फुटली नव्हती, तरी एवढं झालं. सांडव्याच्या वाटेत अडथळा नको, हा वाद पुढे हायकोर्टात गेला.

रोज एक थर काढा, सांडव्याच्या पूर्ण रुंदीत. दिवसाला 15 सेंमी उतरलं तर भिजलेल्या काळ्या मातीला पाणी सोडायला वेळ मिळतो. भसकन उतरवलं तर पाण्याकडचा उतार घसरतो. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर मात्र तिन्ही थर लगेच काढा.

पोती काढूनही काम संपत नाही. 7.5 घनमीटरच्या पुराला 4 मीटरच्या सांडव्यावर पाणी 1.07 मीटर चढतं, माथा फक्त 13 सेंमी वर राहतो. सांडवा 10 मीटर रुंद केला की तेच पाणी 58 सेंमी चढेल आणि 62 सेंमी मोकळे राहतील. उन्हाळ्यात हे काम कराच. सांडव्यातून उतरलेलं पाणी पाळीच्या पायथ्याकडे वळणार नाही एवढं बघा.

मुरूम_माती:
गिलावा अजिबात नको. ताडपत्री नको, चिकण मातीचा लेपही नको. पाझराचं पाणी बाहेर पडायची वाट बंद केली की आतला दाब वाढतो आणि ते दुसरीकडून माती घेऊन निघतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची.

पहिल्यांदा पाणी गढूळ आहे का ते बघा. काचेच्या बाटलीत भरा, रात्रभर ठेवा, तळाशी गाळ बसतो का पाहा. मग धार एका नळीत घेऊन 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते रोज एकाच वेळी लिहा, शेजारी तलावाची पातळी आणि पाऊसही लिहा. पातळी तीच असताना धार वाढत असेल तर आत वाट मोठी होते आहे.

पाणी स्वच्छ असेल तर ओल्या जागेवर उलटी गाळणी घाला. गवत खरवडून काढा, पण खोदू नका. 20 सेंमी कन्हान नदीची जाड, धुतलेली रेती, त्यावर 15 सेंमी 10 ते 20 एमएमची गिट्टी, त्यावर 15 सेंमी 40 एमएमची, आणि वरून दगड. ओल्या जागेच्या चारही बाजूंनी मीटरभर बाहेर न्या. दगडाची चुरी वापरू नका, तिच्यातली भुकटी गाळणी बंद करते.

पाणी गढूळ झालं, धारेत मातीचे कण उसळताना दिसले किंवा माथा खचला, तर आधी खालच्या लोकांना हलवा. 112 आणि जिल्हा आपत्ती कक्षाच्या 1077 वर कळवा. त्यानंतर पाणी उतरवा. अशा वेळी 15 सेंमीचा नियम लागू नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तिथे गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या.

हिंगणा_रोड:
धन्यवाद. वरचा एक थर आज काढला. बाटलीत गाळ नाही, बादली 50 सेकंदांत भरते. नाल्याकाठी खाली चार घरं आहेत, त्यांना सांगून ठेवतो. दोन प्रश्न राहिले: बाभळी आत्ताच मुळासकट उपटू का? आणि पाइप काढून टाकू का?

सांडवा_उंबरा:
तलाव भरलेला असताना मूळ उपटू नका, त्या खड्ड्यातूनच पाणी वाट काढेल. आत्ता फक्त जमिनीलगत कापा. बेशरम आणि मनगटाएवढी झाडं कापली की पुरे. त्याहून जाड खोडांची मुळं पाणी उतरल्यावर उन्हाळ्यात काढा. ती तशीच ठेवली तर काही वर्षांत कुजतात आणि पाळीत पोकळ नळ्या राहतात. खड्डा ओलसर मातीने 15-15 सेंमीच्या थरांत ठोकून भरा. नंतर उतारावर हरळी लावा, बांबू किंवा साग नको.

मुरूम_माती:
50 सेकंद म्हणजे मिनिटाला 12 लिटर. पाणी स्वच्छ आहे तोवर घाबरायचं कारण नाही, पण जागा पाइपजवळची आहे हे मला खटकतं. पाइपच्या पोटाखाली माती नीट ठोकली जात नाही, तिथूनच पाझर धरतो. व्हॉल्व्ह मागच्या टोकाला असल्याने पूर्ण पाइप पाळीच्या आत कायम दाबाखाली आहे. एक सांधा सुटला तर पाणी थेट मातीत. व्हॉल्व्ह पाण्याच्या बाजूला हवा.

आत्ता पाइपला हात लावू नका. डिसेंबरपासून पाळीवरून टाकलेल्या 4 इंची सायफनने पाणी उतरवा. सेकंदाला 20 लिटर निघाले तर 1 हेक्टरवर दिवसाला 17 सेंमी उतरतं, तेही पाणी कमी होईल तसं पसारा आटून वेगाने. म्हणून सायफनचा व्हॉल्व्ह आवळून दिवसाला 15 सेंमीच्या आत ठेवा. एप्रिलमध्ये पाइपवरची पाळ उतरत्या बाजूंनी उघडा, सरळ उभी चर नको. जुना काढून नवा पाइप काँक्रीटच्या बैठकीवर ठेवा. मागच्या तिसऱ्या हिस्स्यात पाइपच्या चारही अंगांनी मीटरभर पसरलेली, 75 सेंमी जाडीची रेतीची आडवी भिंत घाला आणि तिचं पाणी पायथ्याच्या दगडांत काढा. त्याच वेळी मागच्या बाजूला खाली रेतीचा थर देऊन 2.5 मीटर उंच, 3 मीटर रुंद मुरमाचा टप्पा, म्हणजे पायथ्याला टेकू देणारा भराव, बांधा. काळ्या मातीला 1.5 ला 1 हा उतार फार उभा आहे.

माथ्यावर 30 सेंमी मुरूम दाबून घाला, ढाळ पाण्याकडे. उघडी काळी माती मे महिन्यात खोल भेगाळते. पाळीच्या आरपार जाणारी भेग दिसली तर वरून पाणी ओतून बुजवू नका. भेगेच्या खाली 30 सेंमीपर्यंत खोदून थरांत भरा.

तलाव_पाहरा:
पर्यटकांबद्दल थोडं. माथ्यावर गाड्या नकोत, चाकोरीत पाणी साचून मुरतं. पाळीवर जेवणावळी नकोत. खरकट्यामागे घुशी येतात आणि बिळं पाळीत करतात. पोहणाऱ्यांना सांडवा आणि पाइपच्या तोंडापासून 10 मीटर दूर ठेवणारी तरंगत्या डब्यांची दोरी बांधा, सांडवा वाहत असेल त्या दिवशी बोटी बंद. पाण्यात उतरायच्या पायऱ्या पाळीत कोरू नका, कडेच्या मूळ जमिनीवर करा.

धरण सुरक्षा कायदा 2021 हा 15 मीटरवरच्या आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांसाठी आहे. तुमची पाळ त्यात येत नाही, त्यामुळे त्या कायद्याखाली पाहणीला कोणी येणार नाही. पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्याला माथा, दोन्ही उतार, पायथा आणि सांडवा पायी फिरून बघणं मालकालाच करावं लागतं.