अनुभव धागा: फ्लेक्सवरचे 'भावी' आणि ग्रुपवरचे चाणक्य

घोडबंदरकर
पाऊस सुरू झाला की आमच्या पार्किंगमध्ये स्कूटरींवर जुने फ्लेक्स चढतात. आज एका गाडीवर अर्धं कपाळ, टिळा आणि 'भावी' एवढंच दिसत होतं. 'नगरसेवक' सीटखाली दुमडलेलं. जानेवारी २०२६च्या ठाणे-नवी मुंबई महापालिका निवडणुकीचा सगळा गोंगाट परत कानात वाजला.

तर फ्लेक्स, ग्रुप, यादी, बूथ, मोजणी यातलं ज्याने जे हाताळलंय त्याने ते लिहा. कोण यायला हवं होतं ते नको, त्यासाठी बाकीचं इंटरनेट मोकळं आहे.

माझ्याकडून भोवनी. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज खूप हातांतून फिरला की त्यावर दोन बाण येतात आणि मग तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. म्हणून प्रचारवाले फॉरवर्ड करतच नाहीत, कॉपी करून नव्याने टाकतात. बाण गायब, मेसेज 'स्वतः लिहिलेला'. पण खूण राहते. ठळक अक्षरांसाठी शब्दाला चिकटून चांदणी लागते. मध्ये जागा सुटली तर ठळक होत नाही, चांदण्या तशाच उघड्या राहतात: * जाहीर आवाहन *. एकाच दिवशी तीन ग्रुपवर तीन वेगळ्या काकांकडून, जागा त्याच ठिकाणी सुटलेली, तर समजा मजकूर एकाच टेबलावरून निघालाय.

डीटीपीवाली
फ्लेक्सवर बोलते, कुकर लावलाय तोवर.

साहेबांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवतात, तो दाबला जातो. दहा बाय आठ फुटावर ताणला की गालावर चौकटी. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की मूळ आकारात येतो. हे दर निवडणुकीला सांगायचं, दर निवडणुकीला तोच गाल.

दुसरं, फॉन्ट. मजकूर जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला असतो, तो युनिकोड नाही. दुसऱ्या मशीनवर उघडला की 'हार्दिक'चं काहीतरी कंस-टक्के-डॉलर होतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, मगच फाइल द्यायची. पण कर्व्ह केल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे ठेवायची. रात्री दीडला फोन येतो, 'ताई, शुभेच्छुकमध्ये एक नाव राहिलं.' राहतंच एक.

रंग: मोबाइलवरचा झळझळीत भगवा छपाईत विटकरी येतो. पडद्याचे रंग आणि शाईचे रंग वेगळे. आधी हातभर तुकडा छापून बघायचा.

आणि वरच्या पट्टीतल्या नेत्यांचा क्रम. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर नाही. सकाळी पक्ष कोणता होता ते विचारून घ्यायचं 😄

खारेगाव_लोकल
> सकाळी पक्ष कोणता होता
😂😂 ताई वारलो

कोपरीकर
फ्लेक्सचं कायद्याचं: निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, लोकप्रतिनिधित्व कायदा कलम १२७ क. कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. पत्ता नसलेलं निनावी पत्रक दारात पडलं तर ते 'सत्य उघड करणारं' नाही, नुसतं बेकायदा आहे.

बाकी विनापरवाना फ्लेक्सला विद्रूपणाचा १९९५चा कायदा आहेच. ठाण्याच्या तीन हात नाक्याला उभं राहून तो वाचावा, मन प्रसन्न होतं.

नेरुळ_पूर्व
मतदार यादीवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

'माझं नाव कापलं' अशी पोस्ट टाकण्याआधी नावाने नको, मतदार कार्डाच्या नंबराने शोधा. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक एच कमी-जास्त असला तरी सापडत नाही. नंबर म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं, सात आकडे. ज्यांचं कार्ड जुनं, एमटी आणि तिरप्या रेघांचं आहे त्यांचा नंबर बहुतेक बदललाय, तिथे नाव, वय आणि वडिलांचं/नवऱ्याचं नाव घालून बघायचं.

नवीन नावाला फॉर्म ६, कमी करायला ७, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला ८. वाशीहून कासारवडवलीला घर बदललं की लोक पुन्हा ६ भरतात. मग दोन्हीकडे नाव. महापालिकेच्या यादीत अशा संभाव्य दुबार नावांपुढे दोन चांदण्या होत्या आणि केंद्रावर हमीपत्र लिहून द्यावं लागत होतं. त्याचे स्क्रीनशॉट 'बोगस मतदार सापडला' म्हणून फिरले. त्यातले बरेचसे असे ८ऐवजी ६ भरलेले.

अजून एक. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग. दोन वेगळी ऑफिसं. जानेवारीत लोक दिल्लीवाल्यांना टॅग करून शिव्या घालत होते.

घोडबंदरकर
@नेरुळ_पूर्व दोन चांदण्यांचं माहीत नव्हतं. चांदण्यांचाच धागा झालाय हा.

माजी_बूथएजंट
नवी मुंबईत आधीची महापालिका २०१५ची, एका प्रभागात एक जागा. २०२६ला थेट पॅनेल. १११ जागा, २८ प्रभाग. ठाण्यात १३१ जागा, ३३ प्रभाग. दोन्हीकडे एकेक प्रभाग तीनचा, बाकी चारचे. म्हणजे मतं चार. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. प्रत्येक जागेला वेगळा नोटा. चारही बटणं दाबल्यावरच बझर.

गोची इथे होते. माणूस आपल्या ओळखीच्याचं एक बटण दाबतो आणि निघतो. मशीन अडकून राहतं, पुढच्याला मत देता येत नाही, अधिकारी 'अहो काका, अजून तीन!' करत मागे. रांग का हलत नाही याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं म्हणजे बूथ शोधत फिरणारे.

आणि ग्रुपवर सल्ला काय, 'सात सेकंद चिठ्ठी नीट बघा.' महापालिकेला मताची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट नव्हतंच! विधानसभेचा मेसेज तारीख बदलून पुढे ढकललेला. मग लोक आत जाऊन काच शोधतायत.

सानपाडा_आई
मुलाला क्लासला सोडायला आलेय, रिक्षातून लिहितेय. त्या १४ टक्केवाल्या मेसेजचं कोणीतरी लिहा ना. आमच्या भिशी ग्रुपवर प्रत्येक निवडणुकीला येतो.

माजी_बूथएजंट
@सानपाडा_आई लिहितो ताई. त्यात म्हणतात यादीत नाव नसेल तर आधार दाखवून 'चॅलेंज मत' मागा, आणि टेंडर मतं १४ टक्क्यांवर गेली तर फेरमतदान. दोन्ही खोटं.

यादीत नाव नाही तर मत नाही, आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट. चॅलेंज म्हणजे मतदाराच्या ओळखीवर उमेदवाराच्या एजंटने घेतलेली हरकत, त्यासाठी दोन रुपये भरायचे. हो, दोनच. टेंडर मत म्हणजे तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलं असेल तर. ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर. ती पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. १४ टक्क्यांचा नियमच नाही.

संध्याकाळचं पण सांगतो, 'सहानंतर मतदान वाढलं कसं' हाही दरवेळचा. विधानसभेला सहा वाजता जे रांगेत असतात त्यांना चिठ्ठ्या देतात, आणि वाटायची सुरुवात शेवटच्या माणसापासून. म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. त्या सगळ्यांचं झाल्यावर मशीन बंद. तेव्हा १७ सी फॉर्म भरतात, एकूण मतांचा आकडा, एजंटला सहीची प्रत. दिवसभर टीव्हीवर येणारी टक्केवारी ढोबळ. ताडायचं असेल तर १७ सी मोजणीच्या टेबलावर घेऊन जायचं. ट्विटरवर नाही.

वाशी_से१७
मोजणीचं माझ्याकडून. विधानसभेला साधारण १४ टेबलं, एका फेरीत १४ बूथ, तेही क्रमाने. म्हणजे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांची आघाडी ही त्या एका पट्ट्याची. यादी काढून बघा पहिले चाळीस बूथ कुठले, मग 'ट्रेंड' आपोआप कळतो. त्याआधी टपाली मतं, त्यावरही फटाके फुटतात.

बेलापूर विधानसभा २०२४ घ्या. मंदा म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा १०२४. अर्ध्या ग्रुपपेक्षा कमी!

खारेगाव_लोकल
त्यातले २०० तर नुसते 🙏 आणि सुप्रभात

सानपाडा_आई
धन्यवाद दादा, मेसेज कॉपी करून भिशीत टाकला. चांदण्या काढून 😁

डीटीपीवाली
शाईचं राहिलं. छोट्या कुपीतून आतापर्यंत जी लागते ती म्हैसूरची, सिल्व्हर नायट्रेटची, उन्हात काळी पडत जाते. जानेवारीला मार्कर पेन होतं. सुकायच्या आत पुसलं तर पुसटतं. नेलपॉलिश रिमूव्हरचे व्हिडिओ त्या दिवशी दुपारपर्यंत इतके आले की आमच्या गल्लीतल्या दुकानात रिमूव्हर संपलं.

कोपरीकर
गडकरी रंगायतनच्या बाजूला आत्ता मस्त पाऊस. मिसळ खायला कोण येतंय?

घोडबंदरकर
@कोपरीकर घोडबंदरवरून? पोचेपर्यंत विधानसभा २०२९ लागेल.

बरं @डीटीपीवाली, एक कामाचं. स्कूटरवर फ्लेक्स छापील बाजू आत घालायची का बाहेर? आमच्याकडे चेहरा आत घालतात, बरं दिसत नाही म्हणून.

डीटीपीवाली
बाहेर! आत घातलात तर उन्हात छपाई सीटला चिकटते, मग सीटवर उलटा 'भावी' उमटतो. आणि पूर्ण गुंडाळू नका, फ्लेक्समधून हवा जात नाही, आत पाणी साचून गंज येतो. खाली वीतभर मोकळं सोडा. गाडी गार झाल्यावरच घाला, सायलेन्सरला टेकला की भोक.

घोडबंदरकर
भोक पडलंच आहे. बरोबर चिन्हावर.