मदत हवी आहे: पाचवीच्या वर्गात भीती-काळजीवरचे तास कोणी घेतलेत का?

नमस्कार. पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पाचवीचा वर्ग. 31 मुलं, जवळपास सगळ्यांच्या घरी अहिराणी.

नवोदयचा सराव सुरू झाला तेव्हापासून एक मुलगी पेपर वाटायला घेतला की पोट धरून बसते. "सर, पोटमा दुखी ऱ्हायनं." दवाखान्यात दाखवलं, काही निघालं नाही. परवा तिची वही तपासली. एक उत्तर इतकं खोडलेलं की कागदाला भोक पडलं होतं. खोडण्याआधीचा आकडा पुसट दिसत होता, तो बरोबर होता. फार वाईट वाटलं. तिच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर बोललोय, पालकांना घेऊन जिल्हा रुग्णालयातही जाणार आहे.

माझा प्रश्न उरलेल्या 30 जणांसाठी आहे. भीती मुरायच्या आधीच सगळ्या वर्गाला काही शिकवता येईल का? ऑस्ट्रेलियातला 'फ्रेंड्स' कार्यक्रम असाच आहे: शरीर काय सांगतंय ते ओळखायचं, मनातला विचार तपासायचा, भीतीच्या गोष्टीकडे एकेक पायरीने जायचं. पण इंग्लंडमध्ये 9-10 वर्षांच्या मुलांवर त्याची चाचणी झाली (2014), त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी तास घेतले तिथे वर्षभरानंतर चिंता कमी दिसली. शिक्षकांनी घेतले तिथे तसा फरक पडला नाही. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या 74 माध्यमिक शाळांत झालेल्या चाचणीतही तेच दिसलं. विषय थोडा वेगळा होता, शाळेतलं वातावरण, दादागिरी, नैराश्य. पण तिथे गुण आला तो तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांमुळे, शिक्षकांमुळे नाही.

आमच्याकडे समुपदेशक कुठून आणू? दोनशिक्षकी शाळा आहे. मला वाटतं, पेपर तपासणाऱ्यासमोरच "भीती वाटते" म्हणायला मुलं कचरत असतील. म्हणून गावातल्या आशाताईंना किंवा बारावी झालेल्या एखाद्या ताईला तयार करावं का? त्यांना कोण शिकवेल? धुळे-जळगावकडे कोणी हे केलंय का?

आणखी एक. 'चिंता' हा शब्द मुलं वापरतच नाहीत, त्यांचं पोटच दुखतं. अहिराणीत गोष्टी, खेळ, चित्रं असं काही कोणी बनवलं असेल तर कृपया द्या. शनिवारचा एक तास मुख्याध्यापकांनी मोकळा करून दिलाय.