माहिती अधिकारात अर्ज केला, आता भाऊसाहेब विचारतात "कशाला पाहिजे?"

दळणकांडण (27 जुलै)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीपासून मारुतीच्या देवळाकडे जाणारी गल्ली मागच्या माघात सिमेंटची झाली. पहिल्याच पावसात वरचा थर सुटायला लागला. आता झाडलं की सूपभर निघतं. धंदाच पिठाचा असल्यामुळे पीठ कशाला म्हणतात ते मला कळतं, हे पीठच आहे.

3 जूनला ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. जोडपत्र 'अ', 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, पोच घेतली. विचारलं ते असं: रस्त्याला किती निधी आला, रस्ता इतक्या लवकर खराब का झाला, त्याला जबाबदार कोण आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलाची प्रत.

जून संपता संपता ग्रामसेवक भाऊसाहेबांचा फोन. "ताई, कशाला पाहिजे हे सगळं? सरपंच तर तुमच्या घरचेच." खरं आहे, सरपंच माझे चुलत दीर लागतात. दोन दिवसांनी ते स्वतः पायलीभर गहू घेऊन गिरणीत आले. आजपर्यंत त्यांच्या घरचं दळण गडीच आणतो. काट्यावर डबा ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, मला विचारायचं की. कागदावर कशाला?"

19 जुलैला पत्र हातात पडलं. 23 पानांचे 46 रुपये भरा. मुद्दा 2 आणि 3 "प्रश्नार्थक स्वरूपाचे असल्याने माहिती देता येत नाही". बिल "त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारलं.

46 रुपये भरू का? आणि खरं सांगायचं तर मला कुणाशी भांडायचं नाही, गल्ली नीट पाहिजे. सासूबाई म्हणतात गप बस, भावकीत वाकडं येईल.

कोर्टफी (27 जुलै)

एक रुपयाही भरू नका. 3 जूनचे 30 दिवस 3 जुलैला संपले. मुदत उलटली की कलम 7(6) प्रमाणे प्रती फुकट द्याव्या लागतात. 46 दिवसांनी 46 रुपये मागितलेत, हिशोब मात्र जुळवलाय.

कशाला पाहिजे हे विचारायचा अधिकार त्यांना नाही, कलम 6(2). प्रथम अपील करा: जोडपत्र 'ब', 20 रुपयांचं तिकीट. ग्रामपंचायतीचं अपील पंचायत समितीत, बहुतेक ठिकाणी विस्तार अधिकारी ऐकतात. 2 ऑगस्टच्या आत टाका. पत्राच्या तारखेपासून मोजलं तर 18 पर्यंत मुदत येते, पण वाद कशाला.

रानवारा (27 जुलै)

ताई, राग मानू नका, दुसरी बाजूही ऐका. माझ्या मामेभावानं पाझर तलावाची माहिती मागितली. प्रथम अपिलात "माहिती द्यावी" असा आदेश झाला, दिली कुणीच नाही. दुसरं अपील माहिती आयोगाच्या खंडपीठात दोन वर्षं पडून. तोवर गावात त्याचं नाव 'आरटीआयवाला' पडलं, सोसायटीच्या निवडणुकीत कुणी अर्जावर सूचक म्हणून सही करेना. तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींचा जानेवारी 2010 मध्ये खून झाला, तेही जमिनींचे कागदच मागत होते. मी घाबरवत नाही, पण दिरांशी एकदा बोलून बघा.

जुना_भाऊसाहेब (28 जुलै)

मी 29 वर्षं ग्रामसेवक होतो. (सरकारनं आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय. गावात भाऊसाहेबच म्हणतात.) टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

अर्ज आला की पोटात गोळा यायचा. आमच्याकडे एक महाभाग होते, महिन्याला चौदा अर्ज टाकायचे आणि पुढच्या आठवड्यात ठेकेदाराबरोबर धाब्यावर दिसायचे. अर्ज मागे घेण्याचा दरसुद्धा ठरलेला. त्यांच्यामुळे सरळ माणूस आला तरी आम्हाला तोच दिसायचा. तुमच्या भाऊसाहेबाचा फोन त्यातलाच असेल. तरी तो चूकच.

आता तुमची चूक. तुम्ही 'का' विचारलंत. दप्तरात 'का'ची फाईल नसते. सर्वोच्च न्यायालयानंही 2011 मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात तेच सांगितलंय: जे दप्तरात आहे ते द्यायचं, नवीन माहिती तयार करून द्यायला किंवा मत मांडायला कार्यालय बांधील नाही. म्हणून कागद मागायचा, नावानिशी. मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिलाचं व्हाउचर, पूर्णत्वाचा दाखला. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. अपील कराच, पण सोबत असा नवा अर्जही टाका.

यातला जीव एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत असतो. लांबी, रुंदी, जाडी आणि त्यापुढे घनमीटर. लांबी-रुंदीत सहसा कुणी खोटं लिहीत नाही, कारण ती पोरसुद्धा मोजतं. उंदीर असतो जाडीत. कागदावर पंधरा सेंटीमीटर, जमिनीवर दहा. एकदा वर सिमेंट पडलं की खाली कोण बघतंय? पण तुमच्या गल्लीची कड कुठेतरी फुटलीच असेल. तिथं शाळेतली पट्टी उभी धरा, आकडे दिसतील असा फोटो काढा.

पुस्तिका जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात अभियंत्याकडे असते. ग्रामसेवक "आमच्याकडे उपलब्ध नाही" लिहून मोकळा होईल. तसं चालत नाही. कलम 6(3) प्रमाणे त्यानं पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो.

प्रत मिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. कागद समोर बसून पाहण्याचा अधिकार याच कायद्यात आहे. कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही आहे, हे फार कुणाला माहीत नसतं. म्हणजे तुमचं ते सुपातलं पीठ अगदीच वाया गेलेलं नाही. शिवाय नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानं जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना सोमवारी दुपारी 3 ते 5 फायली लोकांना दाखवायला सांगितलंय. वहीपेन घेऊन जा.

दिरांचं म्हणाल, तर पैसे काढताना सही सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची लागते. हल्ली डिजिटल असते, पण दोघांचीच. म्हणून एकानं फोन केला आणि दुसरा दळण घेऊन आला.

कोर्टफी (28 जुलै)

वा भाऊसाहेब, मानलं.

बिलाचं राहिलं. त्रयस्थाची माहिती म्हणायची तर कलम 11 प्रमाणे आधी ठेकेदाराला नोटीस काढून त्याचं म्हणणं घ्यावं लागतं. अपिलात विचारा, नोटीसची प्रत कुठाय? 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं कलम 8(1)(ञ) बदललं. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही, असं परंतुक तिथं होतं, ते गेलं. मला हा बदल फार डाचतो, कारण आता सगळीकडे 'वैयक्तिक' हा एकच शिक्का मारायला सुरुवात होणार. पण व्यापक जनहिताचं कलम 8(2) शाबूत आहे. आणि गल्लीच्या सिमेंटचं बिल वैयक्तिक कसं? खातं क्रमांक झाकून बाकीचं द्या म्हणावं, कलम 10.

दळणकांडण (12 ऑगस्ट)

सगळ्यांचे आभार. 30 जुलैला अपील टाकलं, 25 ऑगस्टला पंचायत समितीत सुनावणी आहे. नवा अर्जही दिला, त्यात पाहणी मागितली.

सोमवारी गेले होते. भाऊसाहेबांनी चहा मागवला, 46 रुपयांचं नाव काढलं नाही. फाईल पुढे ठेवली, आत एम.बी.ची झेरॉक्स होतीच. लांबी 118 मीटर, रुंदी 3, जाडी 0.15. उतरवून घेतलं.

संध्याकाळी पोराला टेप धरायला लावली. गिरणी ते देऊळ भरलं 94 मीटर. म्हटलं, 24 मीटर गिळले! रात्रभर झोप नाही. सकाळी फुलं वाहायला देवळात गेले, तर मागच्या बाजूनं रस्ता पुढे गेलेला. थेट दिरांच्या गोठ्यापर्यंत. मोजला, बरोब्बर 24. म्हणजे लांबी खोटी नाही, तुम्ही म्हणालात तसंच.

मग पट्टी लावली. गिरणीसमोर, नळाच्या चारीजवळ कड फुटलीय, तिथं 9 सेंटीमीटर. गोठ्याजवळ कडेची माती थोडी उकरली, तिथं 15. गोठ्याकडच्या तुकड्यावर हात फिरवला तर पांढरं काहीच लागत नाही.

सासूबाईंना दोन्ही फोटो दाखवले. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "म्हशींचे पाय आपल्यापेक्षा नाजूक दिसतात." आता त्या गप बस म्हणत नाहीत.

प्रश्न एकच. 15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. तिथं बोलू, की 25 ची सुनावणी होऊ देऊ?

रानवारा (12 ऑगस्ट)

ताई, मी माझे शब्द मागे घेतो. तरी ग्रामसभेत एकट्या जाऊ नका.

जुना_भाऊसाहेब (13 ऑगस्ट)

सुनावणी फक्त कागद देण्याबद्दल असते. तो अधिकारी रस्ता मोजायला येणार नाही. म्हणून ग्रामसभेत जाच.

राजस्थानात 1994 पासून अरुणा रॉय यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावोगावी मांडव घालून हेच केलं. भाषणं बाजूला ठेवून मस्टर आणि बिलं मोठ्यानं वाचायची. ज्याच्या नावावर मजुरी लागली तो माणूस कधीच वारलाय, हे गावच सांगायचं. हा कायदा येण्याआधीची गोष्ट आहे ती.

तुम्हीही कुणाचं नाव घेऊ नका. गोठ्याचं तर अजिबात काढू नका. उतरवून घेतलेल्या तीन ओळी वाचा, लांबी, रुंदी, जाडी, आणि गल्ली इथून दहा पावलांवर आहे, चला मोजू म्हणा. सासूबाई आणि दळणाला येणाऱ्या बायका बरोबर असू द्या. आणि पट्टी पोराच्या हातात देऊ नका. सरपंचांच्या हातात द्या.