मोठं घर सोडून लहान घरात जायचं का? तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती:
आज ड्रॉवर आवरताना बाबांची पोलादी मेजरिंग टेप सापडली. पहिल्या दोन फुटांवरचे आकडे पुसलेत. ती हातात घेतली आणि जुना हॉल डोळ्यांसमोर उभा राहिला.

आई-बाबांचं तेव्हा मोठं घर विकून लहान घरात जायचं की नाही यावर अडलं होतं. आई म्हणायची जमणार नाही, बाबा म्हणायचे जमेल. एक दिवस बाबांनी हॉलमधलं सामान भिंतीला सारलं आणि नव्या घराची झोपायची खोली, १० बाय ११, खडूने फरशीवर काढली. दार कुठे, खिडकी कुठे, सगळं. मग खरा पलंग त्यात ओढून आणला. कपाट २ फूट खोल, पण दार उघडायला पुढे आणखी दीड फूट लागतं, तेही आखलं. उरलेल्या पट्टीतून आईला चालायला सांगितलं. ती दोनदा चालली आणि म्हणाली, "रात्री तुम्ही उठलात की माझ्या पायावर पाय पडणार." पलंग फिरवला. आठवडाभर दोघं त्या रेघांच्या आत झोपली. रेघ पुसली गेली की बाबा परत ओढायचे. आठव्या दिवशी आईच म्हणाली, कपाट नको, पेटी चालेल. तिथे ठरलं.

आता मी ६४ ची आहे. चार खोल्या, त्यातल्या दोन फक्त झाडायला उघडते. मी विषय काढला की आमचे हे पेपर तोंडापुढे धरतात. तुम्ही गेलात का? काय बघून ठरवलंत?

दोन_जिने:
गेलो. १७ पायऱ्या होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तळमजल्यावर लहान घर घेतलं. जागा कमी पडली नाही हो, उजेड कमी पडला. घर बघायला सकाळी ११ ला गेलो होतो, छान ऊन होतं. २ नंतर समोरच्या इमारतीची सावली येते हे राहायला गेल्यावर कळलं. वाचायला दुपारीच दिवा लावते. या वयात डोळ्यांना उजेड जास्तच लागतो. घर सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं तीनदा बघा.

पुस्तकवेडा:
पुस्तकांचं काय केलंत सगळ्यांनी? माझी २२ खोकी. ग्रंथालयाने ३ घेतली, बाकीची "आमच्याकडे आहेत" म्हणून परत.

खिडकीपाशी:
@पुस्तकवेडा खोकी लहान घ्या, पुस्तकांचं मोठं खोकं दोघांनाही उचलत नाही. बाकी नंतर लिहिते, बस आली.

मधली_मुलगी:
ताई, तुमच्या आईला ते आठ दिवस मिळाले हे वाचून भरून आलं. आमच्याकडे तेवढा वेळच मिळाला नाही. बाबा पडले, कमरेचं हाड मोडलं, दवाखान्यातून त्यांना थेट नव्या घरात आणलं. जुनं घर आम्ही भावंडांनी दोन शनिवार-रविवारांत रिकामं केलं. चांगल्यासाठीच केलं, पण बाबांनी ते घर बंद होताना पाहिलंच नाही. पुढे दोन वर्षं ते विचारायचे, "मधल्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर कुठे आहे?" आम्ही नवा आणून दिला. ते तो हातात घेऊन बघायचे आणि ठेवून द्यायचे. जे काही ठरवायचं ते पाय चालताहेत तोवर स्वतः ठरवा. जायचं नाही असं ठरवलंत तरी तेही तुमचं तुम्हीच ठरवा.

दोन_जिने:
@मधली_मुलगी स्क्रू-ड्रायव्हरचं वाचून पुढे वाचवेना. सांभाळा.

ताठ_कणा:
आम्ही नाही गेलो. वरचा मजला बंद केला, खाली दोघं राहतो, म्हणजे त्याच घरात लहान घर केलं म्हणा. पण त्यालाही काम निघतंच. हिला व्हीलचेअर लागते. दार उघडल्यावर मोकळी जागा ३२ इंच तरी हवी, आमची २७ भरली, दोन चौकटी बदलल्या. खुर्ची जागेवर वळायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं. बाहेर पायरीचा चढ १४ इंच. उतार १ ला १२ हवा, म्हणजे १ इंच चढाला १ फूट लांबी, म्हणून १४ फूट लांब रॅम्प. सरळ बसेना म्हणून मध्ये सपाट टप्पा देऊन वळवला.

आणि बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करून घ्या. लहान घर, मोठं घर, कुठेही असलात तरी. माणूस आत दारापाशी पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं. आमच्या शेजारी हे झालेलं आहे.

टाका_दोरा:
माझा प्रश्न वेगळाच आहे. शिलाई मशीन, पायाचं, लोखंडी स्टँडचं. नव्या जागेत बसत नाही. सुनेला नको, मुलीकडे जागा नाही. कुणाला हवंय का?

पुस्तकवेडा:
चालू आहे का? भाचीला शिकायचंय.

टाका_दोरा:
चालू म्हणजे, परवाच पडदे शिवले. फक्त पट्टा सैल झालाय.

एकटा_जीव:
मी घाई केली. ही गेल्यावर महिन्याभरात घर विकलं, तिथे बसवत नव्हतं म्हणून. नव्या घरात तिचं काहीच नाही, तेही बसू देत नाही. लोक सांगत होते वर्षभर काही मोठं ठरवू नका. तेव्हा राग यायचा. ताई, तुम्ही दोघं आहात तोवर दोघांनी मिळून बघा.

खिडकीपाशी:
आले. आम्ही आधी सहा महिने लहान घर भाड्याने घेऊन राहिलो, मोठं विकलं नव्हतं. दोन्हीकडचा खर्च जड गेला, पण दोन गोष्टी कळल्या. एक, मला एकटीला बसायला दार लावता येईल असा कोपरा लागतो, नाहीतर टीव्हीच्या आवाजाने डोकं उठतं. दोन, रात्री राहायला येणारी माणसं वर्षातून चार दिवस येतात. त्यासाठी खोली राखायची गरज नाही, गादी पुरते. शेवटी दोन खोल्यांचं घेतलं, दार असलेलं :) आणि हिशोब आधी मांडा. दलाली, नोंदणी, सामानाची गाडी, नव्या घराची डागडुजी धरली की हातात वाटतं तेवढं उरत नाही.

एकटा_जीव:
@खिडकीपाशी दार असलेलं, हे आवडलं.

धागाकर्ती:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. एकटा_जीव काका, तुमचं वाचून मी उठलेच. खडू नव्हता, म्हणून चिकटपट्टी लावून हॉलमध्ये खोली आखली, बाबांच्याच टेपने. हे फिरून आले, चपला काढल्या, बघत उभे राहिले. म्हणाले, "दार कुठंय?" मी दाखवलं. पट्टी ओलांडून सरळ येता आलं असतं, पण वळसा घालून दारातूनच आत आले. मग म्हणाले, माझी खुर्ची खिडकीशी. आता ती ओढायला दोघं लागलोय.

ताठ_कणा:
खुर्ची एकट्याने ओढू नका, पाठ धरेल.

टाका_दोरा:
@पुस्तकवेडा मशीन ठेवलंय हो भाचीसाठी. पट्टा नवा टाकून देते, तेलाची कुपी पण देईन. कधी येताय?