रिसेल १ बीएचकेचा खरा भाव कसा काढायचा? एजंट कसा पारखायचा? (खारघर / घोडबंदर रोड)

प्रश्न: पनवेल_लोकल

भाड्याने देण्यासाठी एक रिसेल १ बीएचके घ्यायचा आहे. सगळा खर्च धरून बजेट ८५ लाखांपर्यंत. खारघर आणि घोडबंदर रोड (कासारवडवली, वाघबीळ) हे दोन भाग डोक्यात आहेत.

खारघरमधल्या एकाच सोसायटीत तीन एजंटांनी तीन भाव सांगितले. पहिला ६५० चौरस फूट, फुटाला ११,५०० रुपयांनी. दुसरा ५४० फूट, १३,८०० ने. तिसरा ४५० फूट, १६,६०० ने. रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला) दर या तिन्हींपेक्षा खाली आहे. मग नेमका भाव कोणता धरायचा? आणि ज्याच्यावर विसंबता येईल असा एजंट कशावरून ओळखायचा? गुंतवणूक म्हणून घेत असल्याने भाड्याचं गणितही कोणी मांडून दाखवलं तर बरं होईल.

उत्तर १: सूची_दोन

आधी तिन्ही भाव क्षेत्रफळाने गुणून बघा. पहिला ७४.७५ लाख, दुसरा ७४.५२ लाख, तिसरा ७४.७० लाख. म्हणजे तिघांनी एकच किंमत सांगितली आहे: पहिल्याने सेलेबलवर (जिना-लॉबीचा वाटा धरून), दुसऱ्याने बिल्ट-अपवर (भिंतींसकट), तिसऱ्याने कार्पेटवर (आतली वापरायची जागा). ‘फुटाला काय भाव’ हा प्रश्न विचारणंच सोडून द्या. एकूण किंमत किती आणि करारनाम्यात छापलेलं कार्पेट किती, हे दोनच आकडे मागा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. खारघर-उलवे भागात टेरेस, फ्लॉवर बेड आणि कपाटाचे कोनाडे आत घेऊन खोली मोठी केलेली असते. टेप लावून मोजलं तर ४९० फूट भरतील, करारात मात्र ४५०च. पैसे ४५० चेच द्यायचे, कारण बंद केलेला भाग बेकायदा ठरू शकतो आणि बँकेचा व्हॅल्युअर (घराचं मूल्यांकन करणारा) तो धरत नाही.

आता खरा भाव. तो नोंदणी झालेल्या दस्तांत सापडतो आणि पाहायला पैसे लागत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मोफत शोध आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरायचा. बरेच जण इथेच अडकतात: खारघर आणि उलवे रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात येतात. वाशी, नेरूळ, घणसोली ठाणे जिल्ह्यात. घोडबंदरसाठी सोसायटीच्या पत्त्यातलं नाव चालत नाही, महसुली गाव लागतं (कासारवडवली, कावेसर, कोलशेत वगैरे). मिळकत क्रमांकाच्या रकान्यात प्लॉट क्रमांक टाका, मग नुसता फ्लॅट क्रमांक, मग सर्व्हे क्रमांक, असं तीन-चार वेळा आलटून-पालटून शोधा. कॅप्चा कधी कधी दुसऱ्यांदा टाकल्यावरच यादी उघडते.

यादीतून सूची क्र. २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) उघडा. त्यात ‘मोबदला’ म्हणजे ठरलेली किंमत, ‘बाजारभाव’ म्हणजे रेडी रेकनरने काढलेलं मूल्य, आणि क्षेत्रफळ असतं. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा. मात्र जुन्या दस्तांत ते बिल्ट-अप असू शकतं, तेव्हा वर्णनातले शब्द वाचल्याशिवाय भागाकार करू नका.

उदाहरण घ्या. समजा त्याच सोसायटीत ४१.८० चौ. मी. (४५० फूट) कार्पेटचे वर्षभरात तीन दस्त सापडले: मोबदला ६३.५० लाख, ६६ लाख आणि ५२ लाख. तिसऱ्यात बाजारभाव ५१.८० लाख आहे. मोबदला रेडी रेकनरला असा चिकटलेला दिसला की तो दस्त बाजूला ठेवायचा. तो घरातल्या घरात झालेला असू शकतो किंवा काही रक्कम रोखीत फिरलेली असू शकते. उरलेल्या दोघांवरून कार्पेटचा भाव १४,१०० ते १४,७०० रुपये निघतो. सांगितलेला भाव १६,६००. बोलणी इथून सुरू करायची. मजला, पार्किंग, रस्त्याचा आवाज, अंतर्गत काम यांच्यासाठी वर-खाली होईल, पण दोन-अडीच हजारांचा फरक त्यातून भरून निघत नाही.

रेडी रेकनर मुद्रांक शुल्काचा किमान आधार आहे, सौद्याची किंमत ठरवायला तो अपुरा. त्याच्याकडे दुसऱ्या कारणासाठी लक्ष ठेवा: त्याने काढलेलं मूल्य मोबदल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं तर फरकावर आयकर लागू शकतो.

उत्तर २: नाक्यावरचा_हिशेब

एजंटबद्दल. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येतं. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्याला ही नोंदणी सक्तीची आहे, आणि प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं. वीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या रिसेलला ती कायद्याने लागू नसेलही. तरी नोंदणी असलेलाच एजंट निवडावा, निदान त्याचा पत्ता-ठिकाणा नोंदलेला असतो.

पण नोंदणी म्हणजे जाणकारी नाही. जाणकारी तपासायचा साधा उपाय वरच्या उत्तरातच आहे. आधी स्वतः सूची काढा, मग एजंटला विचारा, ‘या सोसायटीत वर्षभरात कुठले सौदे झाले, कितीला?’ आकडा सूचीच्या जवळ सांगितला तर माणूस त्या भागात खरंच काम करतो. ‘अहो, इथे आता १७ हजारांच्या खाली काही नाही’ असं मोघम उत्तर आलं तर त्याच्याकडे फक्त इतरांनी फिरवलेल्या लिस्टिंग आहेत.

दुसरा प्रश्न: ‘चावी कोणाकडे आहे?’ मालकाशी थेट संबंध असलेल्याकडे चावी असते किंवा तो तासाभरात आणतो. मध्ये दोन-तीन सब-ब्रोकर असले की प्रत्येकाचा वाटा किमतीत चढतो आणि तुमची ऑफर मालकापर्यंत जशीच्या तशी पोहोचत नाही. तिसरा प्रश्न मालक का विकतोय आणि कर्ज किती बाकी आहे, हा. चांगल्या एजंटला हे ठाऊक असतं, आणि भाव किती उतरेल ते यावरच ठरतं.

रिसेलला दलाली साधारण १ ते २ टक्के चालते. दाखवायला नेण्याआधीच आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. साइट व्हिजिट फॉर्मवर सही करताना त्यात दलालीची अट आहे का, ते वाचा. बिल्डरकडून नवीन घर घेत असाल तर एजंटला बिल्डर पैसे देतो, तुम्ही देऊ नका. आणि टोकन किंवा विसाराची रक्कम कधीही एजंटच्या खात्यात नाही. मालकाच्याच नावाने चेक, आणि विसार पावतीत लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा कागद अपुरे निघाले तर रक्कम किती दिवसांत परत.

उत्तर ३: भाडेकरू_गणित

भाड्याचं गणित घोडबंदरच्या ७५ लाखांच्या घरावर मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे टाकून घ्या.

ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५.२५ लाख (खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का कमी). नोंदणी फी ३०,००० ची कमाल मर्यादा. दलाली १ टक्का, ७५,०००. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००; ‘डोनेशन’ म्हणून त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागा. रंग, नळ, ग्रिल वगैरे १.४५ लाख. एकूण ८३ लाख.

भाडं २०,००० धरा, वर्षातला एक महिना रिकामा: २,२०,०००. त्यातून मेंटेनन्स ४२,०००, मालमत्ता कर ८,०००, बिनभोगवटा शुल्क ३,००० (घर भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते; सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही), भाडेकरू शोधायची दलाली सरासरी १०,००० आणि दुरुस्ती १०,००० वजा करा. हातात १,४७,०००, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर सुमारे १.७७ टक्के, तेही आयकराच्या आधी. एजंट ‘३.२ टक्के रिटर्न’ सांगतात, ते २.४० लाखांना ७५ लाखांनी भागून.

म्हणून भाडंही ऐकीव धरू नका. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याच्या) करारांची नोंदणी सक्तीची असल्याने तेही ई-सर्चमध्ये सापडतात. घोडबंदर पट्ट्यात मेंटेनन्सच्या पावतीत टँकरच्या पाण्याचा खर्च वेगळा दिसतो का, ते बघा. उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांच्या पावत्या मागा, एका महिन्यावरून कळत नाही.

‘मेट्रो ४ आली की’, ‘विमानतळामुळे’ हे ऐकायला मिळेलच. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. त्याच सोसायटीचे २०२३, २०२४ आणि २०२५ चे दस्त शेजारी ठेवा. वाढ किती झाली आणि किती आधीच किमतीत शिरली आहे, ते तिथे दिसतं.

कर्ज घेणार असाल तर बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यांतली जी कमी असेल ती धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची मर्यादा आहे. करार ७५ लाखांचा आणि मूल्यांकन ६८ चं आलं तर ६० ऐवजी ५४.४० लाखच मिळतील. विसार देण्याआधी बँकेकडून टेक्निकल (घराचं मूल्यांकन) करून घेतलं तर हा धक्का बसत नाही.

पनवेल_लोकल

तिन्ही भाव एकच निघतील असं वाटलं नव्हतं. सूची काढायला बसतो. खारघरच्या घराला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे, असं मालक सांगतात. पार्किंगचे ४ लाख वेगळे मागताहेत. यात काय बघू?

उत्तर ४: सूची_दोन

ओसीची प्रत हातात घ्या. तुमची विंग आणि तुमचा मजला त्यात लिहिलेला आहे का, ते बघा. अर्धवट ओसीवर वरचे मजले राहिलेले असतात.

पार्किंगचे ४ लाख देण्याआधी सोसायटीचं वाटपपत्र मागा. स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरने स्वतंत्रपणे विकायचं नसतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. वाटप सोसायटी करते, आणि घर विकल्यावर ती जागा नव्या मालकाकडे आपोआप राहते असं नाही. सेक्रेटरीकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत त्या रकमेचा विचार शून्यच.

खारघरमध्ये आणखी दोन गोष्टी. बहुतेक जमीन सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) भाडेपट्ट्याची आहे. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागू शकतं, आणि आधीच्या एखाद्या मालकाने ते चुकवलं असेल तर ते आता वर येतं. ते कोण भरणार हे विसार पावतीतच लिहा. दुसरं मालमत्ता कराचं. पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली आणि तिने कराची बिलं मागल्या तारखेपासून लावली, बऱ्याच लोकांनी ती भरलीच नाहीत. ‘थकबाकी नाही’ असा दाखला मालकाकडून घ्या, नाहीतर रक्कम किमतीतून वजा करा.

मूळ करारापासूनचे सगळे करार मूळ प्रतीत आहेत का, तेही बघा. मधला एखादा हरवलेला असेल तर बँक अडते आणि पुढे विकताना तुम्हीही अडाल. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा तपास) घ्या. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्हाला कापायचा आहे. मालक परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचा दर वेगळा, तेव्हा तो कुठे राहतो हे पहिल्याच भेटीत विचारा.