टोकियोत एकच संध्याकाळ मोकळी आहे, कुस्तीचा कोणता शो बघू?

मंडळी, मदत हवी आहे.

कामानिमित्त पुढच्या महिन्यात टोकियोला जातोय, बायकोही येतेय. एकच संध्याकाळ हाताशी आहे. ती कोराकुएन हॉलमध्ये, म्हणजे कुस्तीचे शो होतात त्या सभागृहात, घालवायची हे नक्की, पण कोणाचा शो बघावा हे ठरत नाहीये.

केबलवर अमेरिकन कुस्ती बघत मोठा झालो. दोन वर्षांपूर्वी मिसावा विरुद्ध कावादा ही जपानी मल्लांची लढत (३ जून १९९४, टोकियोचं बुडोकान सभागृह) बघितली आणि खुळावलोच. जवळपास ३६ मिनिटं! मिसावाचं कोपर बसलं की कावादा लगेच पडत नाही. आधी गुडघे ढिले होतात, नजर हरवते, मग तो कोसळतो. पंच तीन मोजायच्या आत, दोनवर खांदा उचलला की अख्खं पब्लिक पाय आपटतं. ऑल जपान या कुस्ती कंपनीची ही 'राजमार्ग' शैली हीच खरी, असं माझं ठाम मत झालं होतं.

पुढे बघत गेलो तसा गोंधळ वाढला. ऑल जपानचे जायंट बाबा आणि न्यू जपानचे अँटोनियो इनोकी दोघेही जपानी कुस्तीचा जनक रिकिदोझानचे चेले, दोघांनी १९७२ सालीच आपापली कंपनी काढली, पण इनोकींच्या न्यू जपानचा बाज पार वेगळा. ओनिता या मल्लाच्या लढतींतली काटेरी तार आणि स्फोट मला बघवत नाहीत. आणि डीडीटी नावाच्या कंपनीत योशिहिको नावाची फुगवायची बाहुली लढते, तरी लोक जीव तोडून ओरडतात! हे प्रेम मला समजून घ्यायचंय.

बायकोने मनामी तोयोता या महिला मल्लाच्या लढती बघितल्यात, तिला बायकांचाच शो हवाय. काय करू? आणि खेळाडूंच्या स्वागताला रिंगमध्ये फेकतात त्या कागदी फिती फेकायच्या असतील तर कशा?

प्रतिसाद:

वहिनींचं ऐका. तुम्हाला आवडलेलं ऑल जपान आज तिकीट काढून मिळणार नाही. २००० साली बहुतेक मल्ल मिसावाबरोबर बाहेर पडले, त्याने नोआ ही नवी कंपनी काढली आणि २००९ मध्ये हिरोशिमात लढतीत पडला तो उठलाच नाही. ते दुःख घेऊन हॉलमध्ये गेलात तर समोरचं दिसणार नाही. बायकांच्या कुस्तीत मात्र तुम्ही नव्या नजरेने बसाल. डीडीटीची गोडी घरी हळूहळू लागेल, घाई नको.

सुइदोबाशी स्टेशनवर उतरा. हॉल पाचव्या मजल्यावर आहे, पण लिफ्टने जाऊ नका. जिन्याच्या भिंती चाहत्यांनी लिहून भरवल्यात, त्या बघतच चढा.

फितींना परवानगी आहे का ते आधी विचारा. असेल तर आपल्या आवडत्या खेळाडूच्या रंगाची घ्या. आतली नळी काढून फीत पुन्हा सैल गुंडाळायची, म्हणजे कोणाला लागत नाही. निवेदकाने नाव पुकारलं की टोक बोटात धरून उंच फेका. रिंगमधल्या फिती शिकाऊ पोरी घंटा व्हायच्या आत गोळा करतात, म्हणून उशीर करू नका.