२० वर्षे बंद असलेल्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन फिरत नाही

प्रश्न

वडिलांचा चार सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर सुमारे २० वर्षे शेडमध्ये उभा आहे आणि तो पुन्हा चालू व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नवीन बॅटरी जोडून सेल्फ मारला, तेव्हा ‘टक्’ असा एकच आवाज आला. गिअर न्यूट्रलमध्ये असूनही इंजिन तसूभर हलले नाही. गिअर टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर १

कृपया ओढू नका. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतील किंवा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असेल, तर त्या जोराने रिंगा तुटतात आणि पुशरॉड वाकतात. आधी सेल्फ उतरवा, कारण कधी कधी त्याचे पिनियनच (लहान दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाच्या) दात्यांत अडकलेले असते आणि इंजिन निर्दोष असते. मग चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भागाचा) बोल्ट किंचित सैल करून पाहा. ऑइलच्या आधी पाणी आले, तर ते आत कोठून शिरले हे शोधावे लागेल. सायलेन्सरचे तोंड वर आणि उघडे असेल, तर पहिला संशय तिथेच घ्यावा, कारण इंजिन थांबले तेव्हा ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यातच ओल उतरते.

नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइलचे मिश्रण थोडे थोडे सोडा आणि काही दिवस थांबा. हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही आणि नुकसान तिथेच होते. नंतर सेल्फच्या जागेतून फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून इंजिन एकदा पुढे, एकदा मागे, असे हलक्या हाताने हलवा. ते फिरू लागले, की टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचे झाकण) काढून सर्व व्हॉल्व्ह वर-खाली होतात का, ते पाहा. नोझल बसवण्यापूर्वी आतले मिश्रण फिरवून बाहेर काढणे अत्यावश्यक आहे. द्रव दबत नसल्यामुळे त्यावर पिस्टन आदळला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

उत्तर २

वरील सल्ला योग्य आहे. मात्र डिझेल पंपाकडे दुर्लक्ष होऊ नये. जुने डिझेल आत चिकट होऊन पंपाचा रॅक (डिझेलचा पुरवठा कमी-जास्त करणारी सरकती दांडी) पूर्ण पुरवठ्याच्या स्थितीत अडकला असेल, तर इंजिन सुरू होताच त्याचा वेग अनावर वाढत जातो आणि थांबवण्याची दांडी ओढूनही ते थांबत नाही. म्हणून पंपाची बाजूची झाकणी काढून रॅक बोटाने सहज सरकतो ना, हे स्वतः पाहावे. टाकी धुऊन, फिल्टर बदलून, लाइनमधील हवा काढावी. पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टरची नळी काढून ठेवावी आणि वेग अनावर झालाच, तर हवेचे तोंड बंद करण्यासाठी एक जाड सपाट फळी घेऊन दुसऱ्या माणसाला जवळ उभे करावे. त्या तोंडावर हात ठेवू नये.

प्रश्नकर्ता

सेल्फ मोकळा निघाला. नोझल काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरमध्ये तांबूस गंज दिसला. मिश्रण सोडून नऊ दिवस झाले आणि आज पहारीने फ्लायव्हील दोन दाते पुढे सरकले, मग तितकेच मागे आले. वडील शेजारी उभे होते. आता आणखी मिश्रण सोडून थांबतो आहे. तोवर पंपाची झाकणी उघडून रॅक पाहतो.